फौंड्रीत नवा लागलायस, तर एवढं ऐक

भावा, शिरोली एमआयडीसीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भागांवरची वाळू घासून काढायच्या कामाला लागलास, बरं झालं. पण डोळ्याला दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारीला जास्त भी. दिसते ती बरीचशी नाकाघशात अडकते. वाळूतल्या सिलिकाचा चार-पाच मायक्रॉनहून बारीक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मात्र थेट फुफ्फुसात खोल उतरतो आणि तिथं वण धरतो. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही, वर क्षयाचा धोका वाढवतो. धाप लागायला बहुतेकदा दहा-वीस वर्षं जातात, म्हणून तरणी पोरं मनावर घेत नाहीत.

गुळानं धूळ निघते, असं जुने कामगार सांगतील. आपल्या कोल्हापूरचा गूळ आवडीनं खा, पण तो पोटात जातो, फुफ्फुसात नाही. रुमालाचंही तसंच, बारीक कण त्यातून आरपार जातात. एन-९५ मास्क मागून घे. दाढीमुळं कडेला फट राहत असेल तर दाढी काढ.

काम सुटताना हवेच्या पाइपनं कपडे झटकू नकोस. मी कैक वर्षं तेच केलं, आणि आज त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं. कपडे तिथंच बदल, लेकरांपर्यंत ती धूळ नेऊ नकोस.

छातीचा एक एक्स-रे आत्ताच काढून जपून ठेव, पुढं ताडून बघता येतो. आणि खोकला धरला तर डॉक्टरला पहिल्यांदा काम सांग, मग खोकला. कायद्यानं सिलिकोसिस सरकारला कळवावा लागतो. काम कळलं नाही, तर क्षयच समजून नुसत्या त्याच्यावरच उपचार होत राहतील.