शंखावरचे रंग आणि पट्टे येतात कुठून? वाळूतून की गोगलगायीच्या खाण्यातून?

वाळूतून तर अजिबात नाही. पण तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या आत्याशी पंधरा वर्षांपूर्वी झालेलं भांडण आठवलं, म्हणून लिहितेय.

बारावीच्या सुट्टीत हणजूणच्या खडपात सुकतीला मला अंगठ्याएवढा एक रिकामा शंख मिळाला. तपकिरी पट्टे सगळ्या वेढ्यांवरून गोल फिरत आलेले आणि मधेच एक वेडीवाकडी रेघ, नखाला लागणारी, फाटलेल्या कपड्याला शिवण घालतात तशी. पट्टे त्या रेघेशी तुटायचे आणि पलीकडे जरा खाली सरकून परत सुरू व्हायचे. मी तो देवघरात ठेवला तर आत्या म्हणाली, "भंगलेलं घरात ठेवू नये गो," आणि सरळ अंगणात भिरकावला. दुसऱ्या दिवशी माडाच्या आळ्यातून शोधून काढला मी तो.

तो भंगलेला नव्हता, बरा झालेला होता! शंख गोगलगाय स्वतः बांधते. प्रावार म्हणून तिची मऊ कातडी असते, तिच्या कडेतून थर घातला जातो, आपल्याकडे शिंपल्या भाजून चुना करायचे ना, तेच कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडी प्रथिनं. शंख वाढतो तो फक्त तोंडाच्या काठाला आणि रंगही तिथेच पडतो. कडेवरच्या रंगाच्या पेशी एकाच जागी सतत चालू राहिल्या तर वेढ्याबरोबर फिरणारा पट्टा, सगळ्या मिळून थोडा वेळ चालू आणि मग बंद झाल्या तर आडवी रेघ. माझ्या शंखाचा काठ बहुतेक खेकड्यानं फोडला असणार, जीव आत सरकून वाचला आणि जखमी कडेनं पुढचं बांधकाम केलं, म्हणून पट्टे सरकले. आत्याला हे तेव्हा सांगितलं, तिनं ऐकून घेतलं नाही, मला अजून राग आहे.

तेव्हा असा शिवणीचा शंख मिळाला तर टाकू नका, कोणी भंगलेला म्हणालं तर त्यांचं नख त्या रेघेवरून फिरवा.

खाण्याचं म्हणाल तर काही जातींत खाल्लेल्या शेवाळाप्रमाणे रंग बदलतो, तेवढं तुमचं बरोबर. आणि कवडीचं वेगळं असतं, तिचा प्रावार दोन्ही बाजूंनी वर येऊन पाठ झाकतो म्हणून रंग बाहेरून चढतो आणि ती चकचकीत राहते. जिवंत शंख मात्र उचलू नका, त्यातही आईस्क्रीमच्या कोनासारखा निमुळता दिसला तर हातच लावू नका, त्यातल्या काही जातींच्या विषानं माणूस मरतो.