तंत्रज्ञानविषयक चॅनेलला व्हिडिओची कल्पना सुचवली, तर ती खरोखर वाचली जाते का? ती कशी लिहावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, एका आवडत्या तंत्रज्ञान चॅनेलला वर्षभरात दहाबारा विषय सुचवूनही त्यांपैकी एकावरही व्हिडिओ झाला नाही. तेव्हा या सूचना कुणी वाचते का, आणि वाचत असल्यास त्या कशा लिहाव्यात. नमुना म्हणून तुम्ही तुमची अलीकडची सूचनाही दिली आहे : ‘स्वस्त आणि महाग वायफाय राउटरची तुलना करा.’ तिच्याकडे मी शेवटी येतो.

मी तिघांच्या एका लहानशा चॅनेलवर काही वर्षे काम केले. चित्रीकरण आणि संकलन इतर दोघे पाहत, आणि प्रेक्षकांच्या फर्माइशी वाचून त्यांतल्या कामाच्या बाजूला काढणे माझ्याकडे होते. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला सरळ देता येते : आम्ही सगळ्या वाचत होतो. लाखो प्रेक्षक असलेल्या चॅनेलवर प्रत्येक ओळ वाचणे शक्य नसते, पण तेथेही कुणीतरी त्या चाळत असतो, आणि चाळणाऱ्याचे डोळे कशावर थांबतात हे समजून घेतले की अर्धे काम होते.

आधी एक गैरसमज दूर करतो. बहुतेक प्रेक्षकांना वाटते की चॅनेलवाल्यांना विषय सुचत नाहीत आणि आपण ते पुरवून मदत करतो. वस्तुस्थिती उलटी आहे. आमच्या यादीत कोणत्याही दिवशी इतके विषय पडून असत की, पुढचे वर्षभर दर आठवड्याला एक व्हिडिओ काढला असता तरी यादी संपली नसती. ‘अमुक नवा फोन आला आहे, त्याचा रिव्ह्यू करा’ ही सूचना तर सर्वांत जास्त येते आणि सर्वांत कमी उपयोगी असते, कारण तो फोन येणार हे चॅनेलला तुमच्या आधी कळलेले असते. पुष्कळदा कंपनीने तो आगाऊ पाठवलेला असतो आणि ठरलेल्या दिवसापर्यंत त्याबद्दल न बोलण्याची अटही घातलेली असते. चॅनेलकडे ज्याची खरी टंचाई असते, ती म्हणजे लोकांच्या अडचणी. जो माणूस दिवसभर नवी उपकरणे हाताळतो, ज्याच्या खणात वीस केबल आणि सात चार्जर पडलेले असतात, त्याला सामान्य वापरात नेमके काय अडते हे स्वतःच्या अनुभवातून कळेनासे होते.

आमच्याकडचे एक उदाहरण सविस्तर सांगतो. ‘यूएसबी केबलवर व्हिडिओ करा’ ही सूचना कितीतरी वेळा आलेली होती आणि तितक्याच वेळा आम्ही ती बाजूला ठेवली होती, कारण विषय एवढा पसरट की कोठून धरावा ते कळेना. मग एका प्रेक्षकाचे पाच ओळींचे पत्र आले. त्याच्याकडे एकच लॅपटॉप आणि एकच चार्जर होता, पण केबल दोन होत्या. एका केबलने लॅपटॉप भरभर चार्ज होई, आणि दुसरी लावली की चार्जर कमी क्षमतेचा असल्याची सूचना पडद्यावर येई. दोन्ही केबलची टोके हुबेहूब सारखी, दोन्ही टाइप-सी. ‘चार्जर तोच आहे, मग तो कमी क्षमतेचा कसा झाला?’ एवढेच त्याने विचारले होते, आणि सोबत दोन्ही वेळच्या पडद्यांची छायाचित्रे जोडली होती.

त्या पत्रात व्हिडिओ आयता तयार होता. टाइप-सी हे २०१४ मध्ये आलेल्या जोडणीच्या आकाराचे नाव आहे. आतल्या तारांची कुवत त्यावरून कळत नाही. साध्या टाइप-सी केबलमधून ३ अँपिअरपर्यंतच वीज घेण्याची मुभा असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे ५ अँपिअरपर्यंत जायचे असेल तर केबलमध्ये तिची ओळख सांगणारी एक छोटी चिप असावी लागते. चार्जर आधी त्या चिपकडे विचारणा करतो. उत्तर आले नाही तर तो मुकाट्याने ३ अँपिअरवर थांबतो, आणि लॅपटॉपला वाटते की चार्जरच दुबळा आहे. पुढे २०२१ मध्ये ही मर्यादा योग्य केबलसाठी २४० वॉटपर्यंत वाढवण्यात आली, त्यामुळे गोंधळात भरच पडली. शिवाय फोनबरोबर येणाऱ्या अनेक टाइप-सी केबल माहिती वाहून नेण्याच्या बाबतीत आजही जुन्या यूएसबी २.०च्याच असतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. चार्जिंग उत्तम आणि फाइल मात्र गोगलगायीच्या गतीने, हा अनुभव त्यामुळेच येतो. हे सगळे आम्हाला आधीपासून ठाऊक होते. ते कुणाला, कोणत्या क्षणी आणि का हवे असते, ते त्या पत्राने दाखवले. व्हिडिओची सुरुवात आम्ही त्याच्याच प्रश्नाने केली.

विषय आणि अडचण यांतला हा फरक विंडोज ११च्या वेळी आणखी ठळकपणे दिसला. ती प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हा ‘नवी वैशिष्ट्ये दाखवा’ अशा सूचनांचा पूर आला होता. वैशिष्ट्ये सगळीकडेच दाखवली जात होती. मात्र तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागत असल्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक अधिकृतपणे बाद ठरत होते, आणि लोकांच्या मनातला खरा प्रश्न ‘माझ्या संगणकाचे काय?’ हा होता. तो प्रश्न फार थोड्यांनी शब्दांत मांडला. ज्यांनी मांडला, त्यांनी संगणकाचे वर्ष, प्रोसेसरचे नाव आणि तपासणीत आलेला नकाराचा संदेश असे सगळे लिहिले होते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत, टीपीएम बंद असल्यामुळे आलेला नकार आणि प्रोसेसरच जुना असल्यामुळे आलेला नकार हे दोन वेगळे रोग आहेत, हे त्या तपशिलांमुळे आम्हाला उदाहरणांसह दाखवता आले. विंडोज १०ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा वर आला.

आता चांगल्या असूनही बारगळणाऱ्या सूचनांविषयी, कारण तुमच्या दहाबारांपैकी काही या वर्गात असण्याची शक्यता आहे. ‘चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवले तर बॅटरी किती जास्त टिकते, ते करून दाखवा’ ही सूचना मला अतिशय आवडत असे. तिच्यामागचे तत्त्व पक्के आहे : लिथियम-आयन बॅटरी उच्च व्होल्टेजवर आणि उष्णतेत जितका जास्त वेळ राहते, तितकी ती लवकर म्हातारी होते. पण ‘करून दाखवा’ या दोन शब्दांची किंमत पाहा. एक पूर्ण चार्ज आणि डिस्चार्ज तीन तासांत उरकला असे धरले, तरी ५०० आवर्तनांना १,५०० तास लागतात, म्हणजे अखंड दोन महिने. दोन फोन पुरत नाहीत, कारण एकाच कारखान्यातल्या दोन बॅटऱ्यांमध्येही फरक असतो. निदान चारसहा सारखे फोन हवेत, खोलीचे तापमान स्थिर हवे, आणि मधे एखादा चार्जर बिघडला तर पुन्हा पहिल्यापासून. एसएसडी, म्हणजे संगणकातील माहिती साठवणारी चिपांची डिस्क, न वापरता ठेवून दिल्यास तिच्यातील माहिती किती काळ टिकते, ही फर्माईश तर याहून अवघड. उद्योगाच्या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने तिची लिहिण्याची ठरवून दिलेली क्षमता संपल्यानंतरही, विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती जपावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे ती आधी पुरती झिजवायची आणि मग वर्षभर वाट पाहायची. तिघांच्या चॅनेलला हे झेपत नाही.

अशा वेळी सुचवणाऱ्याने स्वतःजवळ काय आहे ते कळवले, तर चित्र पालटते. एका बाईंनी लिहिले होते की, त्यांच्या घरात एकाच दिवशी घेतलेले दोन सारखे फोन आहेत. त्या स्वतः रोज रात्रभर फोन चार्जिंगला लावतात आणि त्यांचा मुलगा ८० टक्क्यांची मर्यादा लावून वापरतो. दोन वर्षांनंतर दोन्ही फोनांतील बॅटरीच्या क्षमतेचे आकडे त्यांनी सोबत दिले होते. यावरून काही सिद्ध होत नाही, कारण दोघांचा वापर सारखा नव्हता, आणि आम्ही व्हिडिओत तसे स्पष्ट म्हटले. पण सांगण्यासारखी एक गोष्ट हाती लागली, आणि आपापले आकडे पाठवा असे इतर प्रेक्षकांना आवाहन करता आले. प्रेक्षकांचा सहभाग किती दूर जाऊ शकतो, याचे मोठे उदाहरण म्हणजे मार्कीस ब्राउनली या तंत्रज्ञानविषयक यूट्यूबरच्या चॅनेलवरील फोन-कॅमेऱ्यांच्या चाचण्या. त्यांत फोनांची नावे झाकून केवळ छायाचित्रे दाखवतात आणि प्रेक्षक मते देतात. तेथे प्रेक्षकांची पसंती हीच मोजणी असते.

मतांवरून आठवले, आमची एक फजितीही सांगून टाकतो. एकदा आम्ही पुढचा विषय प्रेक्षकांच्या मतदानावर सोडला. घरच्या घरी फाइल-सर्व्हर उभारण्याचा विषय मोठ्या फरकाने जिंकला, आम्ही तीन आठवडे खपलो, आणि तो व्हिडिओ आमच्या नेहमीच्या व्हिडिओंपेक्षा कितीतरी कमी पाहिला गेला. मत देणारे आमचे सर्वांत हौशी प्रेक्षक होते, तर व्हिडिओ पाहणारे बहुसंख्य लोक शोध घेऊन किंवा यूट्यूबच्या शिफारशीवरून येणारे होते, आणि त्यांना आमचे नावही ठाऊक नव्हते. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनेलांचे आणि व्हिडिओंचे क्लिकचे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. म्हणजे त्यांच्या बाबतीत चित्र आणि शीर्षक दिसलेल्या शंभरांपैकी नव्वद ते अठ्ठ्याण्णव जण पुढे निघून जातात. थांबतो तो ज्याला ती अडचण स्वतःची वाटते. ‘मला हे पाहायला आवडेल’ आणि ‘माझे येथे अडले आहे’ यांपैकी दुसऱ्या वाक्याला मी नंतर जास्त वजन देऊ लागलो, ते या फजितीमुळे.

फारसे कुणी पाठवत नाही, पण चॅनेलला हमखास हवी असते, अशी आणखी एक सूचना म्हणजे जुन्या व्हिडिओतली चूक. यूट्यूबवर एकदा चढवलेला व्हिडिओ त्याच दुव्यावर बदलून नवा ठेवता येत नाही. फार तर मधला भाग कापता येतो किंवा खाली टीप देता येते. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत दाखवलेली सेटिंग आता भलत्याच ठिकाणी गेलेली असते आणि लोक तोच व्हिडिओ पाहून चाचपडत राहतात. ‘तुमच्या अमुक व्हिडिओत चौथ्या मिनिटाला दाखवलेला पर्याय नव्या आवृत्तीत मला सापडत नाही, माझी आवृत्ती ही’ असे कुणी लिहिले, की आम्ही त्याचे मनोमन आभार मानत असू. जो व्हिडिओ आधीच शोधला जात आहे त्याची नवी आवृत्ती काढणे हे चॅनेलसाठी कमी जोखमीचे काम असते.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडेच सांगतो. नमनाला घडाभर तेल नको. चॅनेल किती आवडते हे एका वाक्यात पुरे. एका पत्रात एकच अडचण असावी. पडद्याचे छायाचित्र जोडताना आयएमईआय हा फोनचा ओळख-क्रमांक, अनुक्रमांक, ईमेल पत्ता आणि वायफायचा पासवर्ड झाकावा. लोक हे सर्रास विसरतात आणि वाचणाऱ्यालाच संकोच होतो. व्हिडिओ झाल्यास नाव घेतलेले चालेल की नाही, हेही लिहावे. त्याच विषयावर पुढे व्हिडिओ आला आणि तुमचा उल्लेख झाला नाही, तर लगेच चोरीचा संशय घेऊ नये. केवळ कल्पनेवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो, आणि एकच कल्पना एका महिन्यात पाच जणांकडून आलेली मी अनेकदा पाहिली आहे. उत्तर आले नाही तरी तीनचार महिन्यांनी, काही नवे घडले असेल तर, पुन्हा लिहायला हरकत नाही.

आता तुमची राउटरची सूचना. ‘स्वस्त आणि महाग’ म्हणजे कोणते दोन, तुलना वेगाची की पल्ल्याची, आणि घर केवढे, हे त्या वाक्यातून कळत नाही. शिवाय चॅनेलने दहा राउटर मांडून तुलना केली तरी तुमच्या भिंती त्यात नसणार. तुम्ही ही सूचना लिहिलीत तेव्हा काहीतरी घडले असणार, आणि ते तुम्ही लिहिले नाही. समजा, पत्र असे असते : ‘महाग राउटर घेतला. त्याच खोलीत वेग भरपूर मिळतो, पण दोन भिंती ओलांडल्या की जुन्या स्वस्त राउटरपेक्षाही कमी मिळतो. असे का होते?’ हे वाचताच मला वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ या दोन लहरी-पट्ट्यांतला फरक आठवला असता : पहिला वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमणारा, दुसरा दूरवर पोहोचणारा, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांच्या गर्दीत सापडणारा, कारण त्यात एकमेकांवर न चढणारे वायफाय चॅनेल, म्हणजे लहरींचे मार्ग, जेमतेम तीन, १, ६ आणि ११. मग मी त्याच दिवशी तुम्हाला उलट विचारले असते की, दोन भिंतींपलीकडे गेल्यावर तुमचा फोन त्या दोन पट्ट्यांपैकी कोणत्या पट्ट्यावर असतो, आणि राउटर नेमका कोठे ठेवला आहे : उघड्यावर, की टीव्हीच्या मागे?