गोधडी कोण पांघरणार?

गेल्या अंकात पट्ट्यांच्या गोधडीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. कापड किती लागेल, पट्टी किती रुंद घ्यावी, हेच बहुतेकांनी विचारलं आहे. ते सांगतेच. पण माझा पहिला प्रश्न तुम्हालाच आहे: ती कोण पांघरणार आणि कोण धुणार? इचलकरंजीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींच्या हातात हे ठरल्याशिवाय मी कात्री देत नाही. थर किती, कापड कुठलं, टाका केवढा, हे सगळं त्या माणसावरून ठरतं.

सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांची सात-आठ सुती इरकली लुगडी आहेत. दोन मुलगे आणि मुलगी, तिघांनाही आजीची गोधडी हवी आहे. लुगडी वाटून द्यावीत का? शेजारच्या काकू म्हणतात, गेलेल्या माणसाची वस्त्रं पांघरू नयेत.
– एक सून, बार्शी

ताई, लुगडी वाटू नका. तिघांच्या गोधडीत प्रत्येक लुगडं जाऊ द्या. हिरवं लुगडं एकाकडे आणि आजी सणाला नेसायची ते दुसऱ्याकडे, असं झालं की मुलं मोठी झाल्यावरसुद्धा ते मनात राहतं.

हिशोब असा. नऊ वार म्हणजे 324 इंच. एका माणसाची गोधडी 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब धरा. एका लुगड्यातून 90 इंचांचे तीन तुकडे निघतात आणि दीड वार उरतं. पन्हा (कापडाची रुंदी) 45 इंच असेल तर हे तीन तुकडे शेजारी जोडून दोन थर होतात, शिवणीला थोडं हाताशीही राहतं. सात-आठ लुगड्यांचे चौदा ते सोळा थर, म्हणजे प्रत्येकाला चार-पाच. उरलेल्या दीड-दीड वाराच्या पट्ट्या करा आणि आठही रंग तिघांच्या वरच्या थरात येऊ द्या.

कापण्याआधी प्रत्येक लुगडं दारात उजेडासमोर धरा. बसण्याचा भाग आणि काष्ट्याचा भाग विरलेला असतो. तो आतल्या थरात जाईल, वर घेऊ नका. काठ मात्र शाबूत असतात. ते अखंड काढून घ्या आणि कडेच्या गोटाला वापरा. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते, म्हणून काठ मधे कुठेतरी जोडला तर धुतल्यावर तिथं चुण्या पडतात. इरकलीचा पदर बहुधा रेशमी किंवा नकली रेशमाचा असतो. तो सुतासारखा आटत नाही, वर लाल रंग सुटण्याची भीती. एक कोपरा भिजवून पांढरा रुमाल त्यावर ठेवा आणि गरम इस्त्रीनं दाबा. रुमाल लाल झाला तर पदर गोधडीत नको. त्याच्या तीन छोट्या पिशव्या करा आणि गोधड्या त्यांत ठेवा.

थर सगळ्यांना सारखे नसले तरी चालेल. जो फ्लॅटमध्ये राहतो आणि मशीनमध्ये धुणार, त्याला चार पुरेत. ज्याच्याकडे थंडी पडते आणि अंगण आहे, त्याला पाच द्या.

काकूंचं म्हणाल तर ज्या घरात ती रीत आहे त्यांनी ती पाळावी. तुमच्याकडे नातवंडं स्वतः मागताहेत. आजीला याहून वेगळं काय हवं असतं?

मी घरी ब्लाउज शिवते. चिंध्यांची दोन पोती भरली आहेत. दहा वर्षांच्या भाचीला पट्ट्यांची गोधडी द्यायची आहे, पण पट्ट्या एकमेकींना जोडत गेले की सगळं वाकडं होतं, मधे पोट सुटतं.
– एक शिवणकाम करणारी ताई, पुणे

वाकडं होण्याचं कारण तुमच्याच धंद्यात आहे. ब्लाउजच्या चिंध्या बहुतेक उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या, निघतात. उरेब पट्टी शिवताना ओढली जाते आणि मग परत जागेवर येत नाही. त्यावर उपाय एकच, पट्टीखाली आधार. मांजरपाट आणा, रात्रभर भिजत घालून वाळवा (कोरा मांजरपाट बराच आटतो) आणि इस्त्री करून त्याचे साडेआठ इंचांचे चौकोन कापा.

आता चौकोनावर एक पट्टी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ठेवा, सुलटी बाजू वर. तिच्यावर दुसरी पट्टी उलटी ठेवा, कडेला कड जुळवून. पाव इंच सोडून दोन्ही पट्ट्या आणि मांजरपाट यांतून एकच टीप मारा. दुसरी पट्टी उलगडून नखानं किंवा इस्त्रीनं दाबा. तिच्या मोकळ्या कडेवर तिसरी. असं दोन्ही बाजूंना कोपरे भरेपर्यंत. मग चौकोन पालथा घाला आणि मांजरपाटाच्या कडेनं बाहेर आलेलं कापून टाका. ओढ सगळी मांजरपाट सोसतो, त्यामुळे वरची पट्टी उरेब असो की सरळ, चौकोन चौकोनच राहतो.

पट्ट्यांची रुंदी मुद्दाम सारखी करू नका. इंचापासून अडीच इंचांपर्यंत जी असेल ती घ्या. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती असेल तरी घ्या, उलट तीच सुंदर दिसते. इंचापेक्षा अरुंद मात्र नको, शिवणीत अर्धा इंच गेल्यावर राहतं काय? आणि पहिली, मधली पट्टी सगळ्या चौकोनांत एकाच रंगाची ठेवा. चार चौकोन फिरवून जोडले की त्या रंगाची चौकट तयार होते. बाकी कितीही रंगीबेरंगी असलं तरी डोळ्याला धरायला काहीतरी मिळतं.

भाचीला सहा आडवे आणि आठ उभे, म्हणजे अठ्ठेचाळीस चौकोन पुरतील. शिवून 48 बाय 64 इंच होईल. कडेला दोन-दोन इंचांचा गोट लावा. खाली एकच मऊ जुनी सुती साडी, दुहेरी करून. मांजरपाट आणि पट्ट्या मिळून वरचा भाग आधीच जाड झालेला असतो, आणखी थर घातले तर हाताची सुई निघणार नाही. धावदोरा शिवणींवरून नेऊ नका, पट्टीच्या मधून न्या.

दोन पोत्यांतलं सगळं वापरायचं नाही, हे ऐकून वाईट वाटेल. सॅटिन, क्रेप, जॉर्जेट बाजूला काढा. कळत नसेल तर चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि जाळा. सुती धागा कागद जळाल्याच्या वासानं जळतो आणि त्याची राख होते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. उन्हाळ्यात पंख्याखाली झोपणाऱ्या मुलीच्या अंगाला ते कापड नको. आणि कापायच्या आधी भाचीला बोलवा, मधल्या पट्टीचा रंग तिलाच निवडू द्या.

मुलाच्या सहा जुन्या जीन्स आहेत. त्यांची गोधडी?
– एक आई, चिंचवड

पांघरायला नको. कोरडी असताना उचलते, भिजली की दोघांना पिळत नाही. बैठक करा: एकच थर, खाली पातळ चादर, मशीनला 16 नंबरची सुई, आणि खिसे तसेच ठेवा. गच्चीवर, सहलीला वर्षानुवर्षं टिकेल.

सुनेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला आले आहे. येताना साड्यांच्या पट्ट्यांचं दुपटं हातानं शिवून आणलं. इथले डॉक्टर म्हणतात, बाळाच्या पाळण्यात पांघरूण अजिबात घालायचं नाही. शिवाय सुनेच्या मैत्रिणींनी दुकानातून नवी कापडं आणून शिवलेली क्विल्ट दिली, त्यापुढे माझं दुपटं दडवून ठेवावंसं वाटतं.
– एक आजी, सध्या न्यू जर्सी

आजी, डॉक्टरांचं ऐकायचं. पहिल्या वर्षात बाळ झोपलेलं असताना सैल पांघरूण नाकातोंडावर येऊ शकतं, म्हणून तिथं गादीशिवाय पाळण्यात काही ठेवू देत नाहीत. इकडचे डॉक्टरही आता तेच सांगतात. दुपटं जमिनीवर अंथरा. बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसलेल्या असताना, पोटावर खेळायला, लोळायला, नंतर रांगायला. दिवसातून चार वेळा त्याचं अंग त्या साड्यांना लागेल. वर्ष झालं की पुन्हा डॉक्टरांना विचारा. फक्त आत्ता एकदा सगळ्या शिवणींवरून बोट फिरवा. सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती आवळतो. टिकली, मणी, जरीचा धागा, काहीही असेल तर काढून टाका.

आणि दडवायचं कशाला? तुम्ही ज्या देशात आहात तिथंही ही कला जुन्या कापडांवरच वाढली. तिकडच्या बायका पट्ट्यांना आधार म्हणून वर्तमानपत्राची, जुन्या टेलिफोन डिरेक्टरीची पानं घेत आणि शिवून झाल्यावर फाडून काढत. अलाबामात गीज बेंड म्हणून वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरलेल्या पँटी आणि सदऱ्यांच्या गोधड्या शिवल्या. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. सुनेच्या मैत्रिणींना दुपटं दाखवा आणि कुठली साडी कधीची ते सुनेला सांगायला लावा. तिला माहीत नसेल तर आधी तिला सांगा.

वडील आठ महिने अंथरुणाला खिळून आहेत. आईनं शिवलेली जुनी गोधडी त्यांच्याखाली घालतो. ती दिवसाआड भिजते, वाळत नाही. काय करावं?
– एक मुलगा, नांदेड

दादा, तुम्ही हे विचारलंत म्हणून बरं वाटलं. असा प्रश्न पुरुष क्वचित लिहितात.

ती मोठी गोधडी त्यांच्याखालून काढा, पायावर पांघरायला ठेवा. खाली घालायला छोट्या शिवा: तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे खांद्याखालून मांड्यांपर्यंत पुरेल. थर तीनच. एका धोतरातून किंवा पांढऱ्या सुती साडीतून एक-दोन होतात. पाच-सहा तरी हव्यात: एक खाली, एक बादलीत, दोन दोरीवर आणि बाकी कपाटात. एवढी पातळ पावसाळ्यातही पंख्याखाली रात्रीत वाळते.

वरची बाजू सलग एकाच कापडाची हवी. इथं पट्ट्या नाहीत, ठिगळ नाही, जोड नाही, गाठ नाही. एका कुशीवर तासन्‌तास पडलेल्या माणसाला शिवणीची उंच धारसुद्धा रुतते आणि तिथंच जखम धरते. जोड असेल तो खालच्या बाजूला घ्या. दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मधे ओढून लपवा. टाके सैल घाला, रांगांमधे चार बोटं अंतर ठेवा. घट्ट टाक्यांनी कापडाला उंचवटे येतात. खाली रबरी शीट, त्यावर ही गोधडी, आणि दर वेळी चारी कोपरे ताणून सुरकुती काढा. कूस बदलणं तर चालू ठेवाच. कंबरेला किंवा टाचेला लाली दिसली आणि दाबल्यावरही गेली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पांढरं कापड मी मुद्दाम सांगितलं. डाग, रक्त, लघवीचा बदललेला रंग पांढऱ्यावर लगेच दिसतो. शिवता येत नसेल तर गावात गोधड्या शिवून देणाऱ्या बायका असतात, त्यांना हे माप आणि वरचं सगळं सांगा. आणि धावदोरा तुम्हालाही येईल. वडिलांच्या उशाशी बसूनच शिवा.

माझ्याकडे शिवणाचं मशीन नाही. भाड्याच्या खोलीत राहते, मांडून ठेवायला जागाही नाही. नवऱ्यासाठी गोधडी हातानंच होईल का?
– एक वाचक, काणकोण, गोवा

होईल, आणि ज्यांच्याकडून शिकावं अशा बायका तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातच आहेत. उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या बाजूला सिद्दी समाजाची गावं आहेत. त्या बायका जी कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात तिला ना मशीन लागतं, ना आधी तुकडे जोडावे लागतात.

खाली साडी पसरायची. एका कोपऱ्यापासून सुरुवात. पहिला तुकडा ठेवायचा, त्याच्या कडा आत दुमडायच्या आणि साडीसकट धावदोरा घालायचा. पुढचा तुकडा त्याच्यावर थोडा चढवून. असं चारी कडांनी फिरत फिरत रांगेमागून रांग आत यायचं आणि मधे संपायचं. तुकडे जोडणं आणि गोधडी शिवणं एकाच टाक्यात होतं. कोपऱ्यांवर त्या दुमडलेल्या कापडाची छोटी फुलं लावतात. ती तुम्हीही लावा. फुलांशिवाय कोपरे बोडके दिसतात असं मलाही वाटतं.

जागा लागते ती फक्त पहिली फेरी होईपर्यंत. कडा चारी बाजूंनी बसल्या की गोधडी मांडीवर घेऊन शिवता येते, उठताना गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येते. मोठ्या नाक्याची सुई आणि जाड सुती दोरा घ्या. दोरा हातभरापेक्षा लांब घेतला की गुंता होतो. मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) घाला, सवय नसली तरी. खालच्या साडीचं टोक सतत सपाट करत राहा, नाहीतर ती आत गोळा होते आणि ते शेवटी कळतं.

एक माहिती तुम्ही लिहिली नाही. नवऱ्याची उंची किती? सहा फुटांच्या आसपास असेल तर 90 इंचांवर थांबू नका, 96 करा. पाय उघडे पडले तर तो पुन्हा दुकानातलं ब्लँकेटच ओढेल.