पाइपात तेल दिसले म्हणजे रिंग गेल्याच का?

आपण विचारले आहे की, टर्बो पेट्रोल गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपात तेल आढळले, मेकॅनिकने ‘बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगितले, तर ते मान्य करावे का. माझे मत स्पष्ट आहे: एवढ्या पुराव्यावर इंजिन उघडू देऊ नका. आधी क्रँककेसमधील, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या चेंबरमधील, वायू बाहेर काढणारी व्यवस्था तपासून घ्या, कारण ती तुंबली की दिसणारी लक्षणे पिस्टनभोवतीच्या रिंग झिजल्यासारखीच असतात.

रिंग अगदी नव्या असल्या तरी ज्वलनाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली चेंबरकडे उतरतोच. त्यालाच ब्लो-बाय, आणि आपल्या गॅरेजांच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन, म्हणतात. त्यात न जळलेले पेट्रोल, आम्लयुक्त वायू आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण लिटरभर पाणी तयार होते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. हा वायू कोंडला तर दाब वाढून ऑइल सील गळू लागतात आणि तेलाचा गाळ होतो. पूर्वी तो एका उघड्या नळीने रस्त्यावर सोडून देत असत. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे मोटारींतून निघणारे हायड्रोकार्बन आहेत हे उमगल्यावर कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये तो पुन्हा इंजिनातच जाळण्याची सक्ती केली.

साध्या पेट्रोल इंजिनात हे काम पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे चेंबरमधील वायू मोजून इनटेकमध्ये सोडणारी झडप, करतो. आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांतील, ओढ तीव्र असते, तेव्हा व्हॉल्व्हमधील दट्ट्या स्प्रिंगविरुद्ध ओढला जाऊन वाट अरुंद करतो; भार वाढून ओढ कमी झाली की स्प्रिंग वाट मोकळी करते, आणि नेमका त्याच वेळी ब्लो-बायही वाढलेला असतो. टर्बो इंजिनात मात्र बूस्ट आला, म्हणजे टर्बो हवा दाबून भरू लागला, की मॅनिफोल्डमध्ये ओढ न राहता उलट दाब असतो. म्हणून तिथला एकदिशा व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायू टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडला जातो, म्हणजे आपल्याला तेल दिसले त्याच पाइपात. तिथे तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे. तेल साचून ओघळत असेल तर मात्र शोध घ्यायला हवा.

हा शोध बहुधा वायूतून तेल वेगळे करणाऱ्या ऑइल सेपरेटरपाशी येऊन थांबतो. फिरत्या क्रँकमुळे आणि पिस्टनवर उडणाऱ्या तेलामुळे चेंबरमध्ये तेलाचे धुके असते, आणि ते वायूबरोबर निघते. सेपरेटरचे तत्त्व धान्य उफणण्यासारखे आहे: हलके वाऱ्याबरोबर जाते, जड मागे राहते. वायूला वेगाने अरुंद छिद्रांतून नेऊन एकाएकी वळवले जाते. वायू वळतो, पण जड थेंबांना वळता येत नाही, ते भिंतीवर आपटून ओघळतात. सायक्लोन प्रकारात तोच परिणाम गोल फिरवून साधतात. खरी अडचण एक मायक्रॉनहून बारीक थेंबांची आहे, कारण ते वायूसोबत सहज वळतात. त्यांना अडवायला वेग आणखी वाढवावा किंवा दाट तंतूंचा थर घालावा, तर प्रवाहाला अडथळा वाढतो आणि चेंबरमधील दाब चढतो. म्हणून प्रत्येक सेपरेटर ही एक तडजोड असते, आणि थोडे तेल पुढे जाणारच.

वेगळे झालेले तेल परत चेंबरमध्ये उतरण्याची वाट हा या रचनेतील सर्वांत नाजूक भाग आहे, असे मी म्हणेन. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर तेल पुरेसे तापत नाही, पाणी उडून जात नाही, आणि फिलर कॅपखाली दिसणारा तो पांढरट, लोण्यासारखा थर याही वाटेत साचतो. मग तेलाला परतता येत नाही आणि ते सरळ इनटेकमध्ये ओढले जाते. रिंग उत्तम असताना केवळ या कारणाने उघडलेले इंजिन मी पाहिले आहे, आणि मालकाचा तो खर्च आजही मला खटकतो.

इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा आणि फिलर कॅप जपून उचला. तोंडावर धरलेला कागद हलकेच ओढला गेला तर व्यवस्था ठीक आहे. जोरदार ओढ आणि शिट्टीसारखा आवाज असेल तर दाब नियंत्रित करणारा पडदा फाटला असावा. अनेक गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातच, बसवलेला असतो, त्यामुळे सगळे कव्हर बदलावे लागते. कागद उडवला गेला तर आधी सेपरेटर आणि पाइप साफ करा किंवा बदला. त्यानंतरही दाब राहिला तरच कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी करायला सांगा. लीक-डाउनमध्ये सिलिंडरमध्ये सोडलेली हवा फिलरच्या तोंडातून मोठ्याने फुसफुसताना ऐकू आली, तर मेकॅनिकचे म्हणणे खरे मानावे.

ब्रीदर पाइप, म्हणजे चेंबरमधील वायू इनटेककडे नेणारी नळी, काढून खाली मोकळा सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. तो जिथे टर्बोआधीच्या पाइपाला जोडलेला असतो ते तोंड उघडे राहिले तर गाळणीशिवाय धूळ टर्बोत शिरते. आणि हे सर्व करण्यापूर्वी डिपस्टिक पाहा: मागच्या वेळी तेल वरच्या खुणेच्या पुढे भरले असेल, तर क्रँक ते घुसळून धुके वाढवते आणि तेच तेल आपल्या पाइपात येते.