मादी बेडकाचं पोट उघडल्यावर नुसती अंडीच दिसतात तेव्हा

तुम्ही लिहिलंय की विच्छेदनासाठी बेडकाचं पोट उघडताच काळेपांढरे मणीच मणी दिसले, छेदाच्या कडेने रक्त आलं आणि मूत्रपिंड, प्लीहा (पाणथरी), मूत्राशय यांतलं काहीच सापडलं नाही. नमुना मादीचा आहे, एवढंच. मोठ्या मादीत एका वेळी २५०० ते ३००० अंडी असू शकतात, त्यांच्याखाली बाकी सगळं झाकलं जातं.

रक्त आलं ते छेद बरोबर मध्यरेषेवर दिल्यामुळे. पोटाच्या स्नायूंच्या आतल्या बाजूला तिथूनच एक मोठी शीर जाते. कातडी मधोमध कापली तरी चालते, ती सैलच असते. स्नायू मात्र चिमट्याने उचलून मध्यरेषेपासून अर्धा सेंटिमीटर बाजूला कापायचे, कात्रीचं टोक वर ठेवून. छातीच्या हाडांपाशी तर जास्तच जपून, कारण त्यांच्या लगेच खाली हृदय असतं.

आता शोधाशोध. पुस्तकातल्या रंगीत आकृतीवर विसंबू नका. नमुना टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनमध्ये अवयवांचे रंग उडतात. अवयव कशाला जोडलाय, हे बघत जा.

आधी एका बाजूचं अंडाशय काढा, दुसरं आकृतीसाठी राहू द्या. ओढून काढू नका. ते पातळ पडद्याने मूत्रपिंडाजवळ लटकलेलं असतं. तो पडदा अंडाशयाला लागून कापा. अंडाशयाच्या पुढच्या टोकाला बोटांसारखे पिवळे मेदपिंड, म्हणजे चरबीचे साठे, दिसतील. अंडी भरलेल्या मादीत ते आक्रसलेले असू शकतात, त्यामुळे लहान दिसले म्हणून गोंधळू नका.

त्यानंतर पांढऱ्या वेटोळ्यांची एक नळी हाती येईल, ती अंडवाहिनी, म्हणजे अंडी बाहेर नेणारी नळी. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण पुष्कळजण तिलाच आतडं समजतात. आतडं एकच, जठरापासून निघालेलं आणि रक्तवाहिन्यांचं जाळं असलेल्या पडद्यावर पंख्यासारखं पसरलेलं. अंडवाहिन्या दोन असतात. त्या फुफ्फुसाच्या बुडाजवळ नरसाळ्यासारख्या तोंडाने सुरू होतात, अंडाशयाला थेट जोडलेल्या नसतात आणि मागे रुंद होऊन अवस्करात, म्हणजे मल, मूत्र आणि अंडी बाहेर पडायच्या सामाईक पोकळीत, उघडतात. ताज्या नमुन्यात अंडवाहिनी कापली गेली आणि ट्रेमध्ये पाणी असलं, तर आतला जेलीसारखा पदार्थ फुगून सगळं बुळबुळीत होतं; तेव्हा ती कापूच नका.

आतडं एका बाजूला सारा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना चपटी, लांबट, गडद मूत्रपिंडं पाठीला चिकटलेली दिसतील. ती पोटाच्या पोकळीत लोंबत नाहीत, पडद्याच्या मागे असतात, म्हणून वरवर बघून सापडत नाहीत. त्यांच्या दर्शनी बाजूवर पिवळसर नारिंगी पट्टी असते. ती चरबी समजून खरवडू नका, ती अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी.

मूत्राशय बहुधा तुमच्या पहिल्याच छेदात गेलं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागापुढे ते दोन कप्प्यांच्या रिकाम्या पिशवीसारखं असतं, इतकं पातळ की पडदा म्हणून कापलं जातं. पुढच्या वेळी मागच्या पायांमधून छेद सुरू करताना कात्री फार खोल घालू नका.

प्लीहा म्हणजे लहान गोल, गडद गोळी. ती आतड्याच्या पडद्यातच, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीजवळ शोधा. स्वादुपिंड जठर आणि आद्यांत्र (लहान आतड्याचा पहिला भाग) यांच्यामधल्या वळणात असतं, फिकट आणि वेड्यावाकड्या कडांचं. खात्री करायची असेल तर ताज्या नमुन्यात पित्ताशय हलकेच दाबा; हिरवं पित्त ज्या नळीतून पुढे सरकतं ती नळी स्वादुपिंडातूनच आद्यांत्राकडे जाते.

आकृती काढताना दोन चुका हमखास होतात. बेडूक उताणा असतो, म्हणजे त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला, आणि जठरही तिकडेच. दुसरी, मूत्रवाहिनी थेट मूत्राशयाला जोडतात. बेडकात ती अवस्करात उघडते आणि मूत्र तिथून मूत्राशयात जातं.