पैसे मुरले कुठे?

प्रश्न: आमचा पन्नासेक जणांचा गट दरवर्षी एका आजारावरच्या संशोधनासाठी निधी गोळा करतो. यंदा सातवं वर्ष. परवा एका सभासदांनी सगळ्यांसमोर विचारलं, "औषध तर अजून निघालं नाही, मग पैसे मुरले कुठे?" मला धड उत्तर देता आलं नाही. दुसरे म्हणाले, संशोधन राहू द्या, गरजू रुग्णाला द्या. काय करावं?
– एक कार्यवाह

उत्तर: त्या सभासदांवर रागावू नका. अकरा वर्षं मी अशाच एका छोट्या निधीची खजिनदार होते. चादरीवर डबे उपडे करून नाणी मोजायची, काळी झालेली बोटं धुवायची आणि मग हाच प्रश्न ऐकायचा.

सात वर्षं आपल्याला फार वाटतात. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे. यात फुप्फुसांत चिकट कफ साचतो आणि घाम इतका खारट येतो की मुलाचा पापा घेताना आईच्या ओठांना ते जाणवतं. १९५५ साली अमेरिकेत अशा मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली, तेव्हा ही मुलं शाळेत जाण्याइतकी जगतील अशीही आशा नसायची. आजारामागचं जनुक सापडलं १९८९ मध्ये. त्यातल्या मूळ बिघाडावरचं पहिलं औषध आलं २०१२ मध्ये, आणि तेही अगदी थोड्या रुग्णांना लागू पडणारं. बहुतेकांना चालेल असं औषध यायला २०१९ उजाडलं. सातव्या वर्षी त्या पालकांनाही कुणीतरी टोकलंच असेल.

तुमच्या रकमेतून औषध निघणार नाही, हे सभेत स्वच्छ सांगा. पण मोठं अनुदान मिळवायचं तर शास्त्रज्ञाला आधी थोडे निष्कर्ष हातात दाखवावे लागतात, आणि त्या सुरुवातीच्या कामाला पैसे कुणी सहज देत नाही. छोटा निधी तिथे कामी येतो. म्हणून 'संशोधनासाठी' असं मोघम देऊ नका. कुठल्या प्रयोगाला, कुठल्या कामाला, हे विचारून द्या आणि वर्षाअखेरीस चार ओळींचं पत्र मागा.

आम्ही मागितलं. आलं ते दोनच ओळींचं: तपासलेलं रसायन निरुपयोगी ठरलं, आभार. मी ते सभेत वाचलं आणि मान वर करायची हिंमत होईना. तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, "म्हणजे त्या वाटेनं आता कुणी जायला नको." माझ्या सगळ्या अहवालांपेक्षा ते वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं.

रुग्णाला मदत जरूर करा, पण डबा वेगळा ठेवा. एका कामासाठी मागितलेले पैसे दुसरीकडे वळवले, की हेतू कितीही चांगला असला तरी पुढच्या वर्षी हात आखडतो. गटातलंच कुणी आजारी असेल, तर यंदा संशोधनाचा डबा फिरवूच नका, असं माझं मत. काहींना ते पटत नाही.

आणि खर्च! एका वर्षी आम्ही हौसेनं सगळ्यांसाठी छापील टी-शर्ट काढले. जमाखर्च मांडला, तर निम्मी जमा त्या शर्टांतच गेलेली. उरलेल्या शर्टांनी मी अजून खिडक्या पुसते. ती चूक मी अहवालात पहिल्या ओळीत लिहिली. ओरडा झाला, पण कुणी वर्गणी बंद केली नाही.

राहता राहिले तुमचे प्रश्नकर्ते. त्यांना यंदा डबे मोजायला आणि त्या प्रयोगशाळेला पत्र लिहायला बसवा. आमच्याकडच्या अशाच एका गृहस्थांना मी बसवलं होतं. माझ्यानंतर खजिनदार तेच झाले, आणि माझ्या जुन्या वह्यांतल्या बेरजेच्या दोन चुकाही त्यांनी काढल्या.