वाचकांचे प्रश्न : जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला नवे स्पीकर निवडताना

प्रश्न : माझ्या हॅचबॅक गाडीत चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक चॅनेलला ४ ओहमवर ५० वॅट आरएमएस (म्हणजे सलग मिळणारी शक्ती), २ ओहमवर ७५ वॅट आणि ब्रिज केल्यास (दोन चॅनेल एकत्र जोडल्यास) ४ ओहमवर १५० वॅट असे आकडे आहेत. गेल्या पावसाळ्यात पुढच्या दोन्ही दारांतील साडेसहा इंची स्पीकर खराब झाले. रत्नागिरीतील एका दुकानदाराने ‘३०० वॅटचे’ स्पीकर दाखवले. दुसऱ्याचे म्हणणे असे, की एवढ्या वॅटच्या स्पीकरना हा अ‍ॅम्प्लिफायर कमी पडेल आणि त्यामुळेच ते जळतील. अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याची माझी इच्छा नाही. स्पीकर कोणते घ्यावेत? — एक वाचक, देवगड

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याचे काहीच कारण दिसत नाही. त्याचे आकडे परस्परांशी जुळणारे आहेत, आणि दारातील एका स्पीकरला खरे ५० वॅट मिळणे ही काही कमी गोष्ट नव्हे. साध्या कार स्टीरिओवर ‘५० वॅट x ४’ असे छापलेले असले, तरी त्यातून प्रत्यक्षात १५ ते २० वॅटच सलग मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्याकडे काय आहे याची कल्पना येईल. पुस्तिकेत सीईए-२००६ या मानकाचा उल्लेख असेल, तर त्या आकड्यांवर अधिक निश्चिंतपणे विसंबता येते. कारण २००३ साली अमेरिकेत आलेल्या या मानकानुसार शक्तीचे मोजमाप १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि १ टक्क्याहून अधिक विकृती न होऊ देता करावे लागते.

दुकानदाराने दाखवलेले ‘३०० वॅट’ हा बहुधा क्षणभर सोसता येणारा कमाल आकडा असावा. खोक्यावर तो ठसठशीत छापतात आणि आरएमएसचा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत देतात. तो वाचला की अनेकदा ५० किंवा ६० वॅटच निघतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे. आपण फक्त आरएमएस पाहावे. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ६० ते १०० वॅट आरएमएस पेलणारे स्पीकर योग्य ठरतील.

आता जळण्याविषयी. कमी शक्ती मिळाली म्हणून स्पीकर जळत नाही. तसे असते तर आवाज हळू ठेवणाऱ्या प्रत्येकाचे स्पीकर जळाले असते. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे ताणला, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, ज्याला क्लिपिंग म्हणतात. पूर्ण छाटलेल्या लहरीतून सैद्धांतिकदृष्ट्या दुपटीपर्यंत शक्ती बाहेर पडते, शिवाय उच्च वारंवारितेचा अंश वाढतो आणि उंच सूर वाजवणारा नाजूक छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, आधी बळी पडतो. म्हणजे दोष स्पीकरच्या आकड्याचा नसून आवाजाचे बटण पिळण्याच्या सवयीचा असतो.

दुसरी पाहण्याची गोष्ट ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध. तो जितका कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर ताण जास्त. कार स्पीकर सहसा ४ ओहमचे असतात, तेच घ्यावेत. मल्टिमीटर लावल्यास ३.२ ते ३.६ असा आकडा दिसेल, तो दोष समजू नये. मीटर केवळ कॉइलच्या तारेचा रोध दाखवतो. आपला अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक चॅनेलला २ ओहम पेलतो, त्यामुळे पुढेमागे एका चॅनेलवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडता येतील, पण मिळणारे ७५ वॅट त्या दोघांत वाटले जातील. ब्रिज केलेल्या जोडीवर मात्र ४ ओहमच्या खाली जाऊ नये, कारण त्या स्थितीत प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम जाणवतात.

मात्र ज्या आकड्याकडे गिऱ्हाईक सर्वांत कमी लक्ष देते आणि ज्याने सर्वांत जास्त फरक पडतो, तो सेन्सिटिव्हिटीचा. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, हे त्यातून कळते. तीन डेसिबल वाढवण्यासाठी शक्ती दुप्पट करावी लागते. म्हणून ८९ डेसिबलचा स्पीकर आपल्या ५० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढाच ८६ डेसिबलचा स्पीकर वाजवायला १०० वॅट लागतील. याउलट ५० ऐवजी ७५ वॅट मिळाल्याने जेमतेम पावणेदोन डेसिबलची भर पडते. यातही एक खोच आहे : काही कंपन्या हा आकडा एक वॅटवर न देता २.८३ व्होल्टवर देतात. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट, त्यामुळे आकडा आपोआप ३ डेसिबलने फुगतो. तुलना करताना दोन्ही स्पीकर एकाच रीतीने मोजलेले आहेत ना, हे पाहावे.

आपल्या किनाऱ्यावर मात्र हे सारे आकडे जुळूनही स्पीकर दोन पावसाळ्यांत निकामी होऊ शकतो. खारी हवा आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या भागात कागदी कोन ओल धरून मऊ पडतो आणि फोमची कड भुगा होऊन झडते. म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबराची कड असलेलाच स्पीकर घ्यावा, मग दहा वॅट कमी मिळाले तरी चालेल. जुना स्पीकर काढल्यावर त्याची पाठ निरखून पाहा. चुंबकाच्या पत्र्यावर तांबूस गंज, टर्मिनलवर हिरवट थर आणि खालच्या कडेला पाण्याचे ओघळ दिसले, तर दाराच्या आतील प्लास्टिकचा पडदा फाटलेला आहे असे समजावे. बसवणारे कारागीर घाईत तो कापतात आणि तसाच सोडतात. काचेवरून दारात उतरणारे पाणी मग थेट स्पीकरवर येते. पडदा पुन्हा चिकटवल्याशिवाय नवा स्पीकर बसवू देऊ नये. वायरसुद्धा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची नको, कारण कापलेल्या टोकाशी ती लवकर खराब होते. शक्य असल्यास बोटींच्या वायरिंगसाठी वापरतात तशी कथिल चढवलेली तांब्याची वायर मिळवावी. काच पूर्ण खाली घेऊन मागे स्पीकरपुरती खोली उरते का, तेही खरेदीआधीच मोजावे.

बसवून झाल्यावर गेन (स्टीरिओकडून आलेला संकेत अ‍ॅम्प्लिफायरने किती वाढवायचा, ते ठरवणारे बटण) लावण्याचे काम स्वतः उभे राहून करून घ्यावे. स्पीकरच्या तारा सोडवाव्यात, इक्वलायझर सपाट आणि हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारितेखालचे सूर अडवणारा) बंद ठेवावा, गाडी मोकळ्या जागी सुरू ठेवावी आणि स्टीरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर नेऊन १०० हर्ट्झचा चाचणी सूर लावावा. साधे मल्टिमीटर एवढ्या कमी वारंवारितेवर अधिक भरवशाचे असतात. वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे हवे असलेले व्होल्ट : ५० गुणिले ४ म्हणजे २०० आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १४.१. एसी व्होल्टवर ठेवलेल्या मीटरमध्ये हा आकडा येईपर्यंत गेन वाढवून तिथेच थांबावे. नंतर तारा जोडून हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या सुमारास लावला, म्हणजे दारातील स्पीकरवर खोल बासचा ताण पडणार नाही.

प्रश्न : घरातील जुन्या संचाचे ८ ओहमचे स्पीकर गाडीच्या ४ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडले तर अपाय होईल का? — एक वाचक, गुहागर

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायरला अपाय नाही, उलट त्याच्यावरचा भार हलका होतो. शक्ती मात्र साधारण निम्मी मिळेल. खरी अडचण स्पीकरची आहे : घरगुती स्पीकर ठरावीक मापाच्या लाकडी खोक्यासाठी घडवलेले असतात, त्यामुळे दारात त्यांचा बास तसा येत नाही, आणि उन्हात बंद गाडीतील उष्णता व पावसाळ्यातील ओल त्यांच्या कागदी कोनाला फार काळ सोसवत नाही. चाचणीपुरते जरूर जोडून पाहा, पण कायम बसवण्यासाठी दाराला नवे भोक मुळीच पाडू नका.